विद्यापीठाचे अंगण आणि विश्व

विद्यापीठ कोणत्या तरी गावी वसलेले असते. विद्येला मात्र गावाची वेस नसते. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न भारतापुढे १९२१ साली मोठ्या तीव्रतेने उभा राहिला. असहकाराची चळवळ ऐन भरात होती. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार होता, परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. त्याच वर्षी, २३ डिसेंबर रोजी, रवींद्रनाथ ठाकूरांनी बंगालमधील शांतिनिकेतन येथे विश्वभारतीची रीतसर स्थापना केली आणि तिची दारे साऱ्या जगाला खुली ठेवली.

रवींद्रनाथांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या निषेधार्थ १९१९ मध्येच त्यांनी 'सर' या किताबाचा त्याग केला होता. परंतु परक्या सत्तेशी असहकार म्हणजे परक्या विद्येशी असहकार नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनाही बंद खिडक्यांचे घर नको होते. मात्र बाहेरच्या वाऱ्याने आपले पाय उखडता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

विश्वभारतीच्या पहिल्याच पाहुण्याने या शंकेचे उत्तर दिले. पॅरिसचे प्राच्यविद्यापंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी शांतिनिकेतनात चिनी आणि तिबेटी भाषांच्या अध्ययनास आरंभ करून दिला. बौद्धांचे कित्येक संस्कृत ग्रंथ मूळ रूपात नष्ट झालेले असून केवळ चिनी व तिबेटी भाषांतरांतच उरलेले आहेत. म्हणजे घरचे हरवलेले धन शोधावयाचे, तर शेजाऱ्याची भाषा शिकावी लागते! लेव्हींपाशी शिकलेले प्रबोधचंद्र बागची पुढे पॅरिसला गेले, भारत-चीन संबंधांचे थोर अभ्यासक झाले आणि १९५४ साली विश्वभारतीचेच कुलगुरू झाले. १९३७ मध्ये तान युन-शान यांच्या परिश्रमांतून तेथे चीनभवन उभे राहिले.

हा व्यवहार केवळ ग्रंथांपुरता नव्हता. लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाने १९२२ पासून जवळच्या सुरुल गावी शेती, आरोग्य आणि ग्रामोद्योग यांचे काम उभे केले. तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्धीस आले. जगाकडे उघडणारे दार शेजारच्या खेड्याकडेही उघडले पाहिजे, हे त्यातून दिसून आले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निवडक परदेशी विद्यापीठांना भारतात येण्याची वाट दाखविली आहे. आता करार होतील, विद्यार्थ्यांची ये-जा वाढेल, आकड्यांचे तक्तेही तयार होतील. पण एका वसतिगृहात राहूनही यजमान आणि पाहुणा परस्परांस अपरिचितच राहिले, तर त्या आकड्यांना अर्थ तो काय? विश्वाचे नागरिकत्व पारपत्रावरील शिक्क्याने लाभत नाही. पाहुण्याला देण्याजोगे आपल्याजवळ काही असावे आणि त्याच्याकडून शिकण्याइतकी नम्रताही असावी. ही दोन्ही जेथे नांदतात, तेथेच विद्यापीठ हे नाव सार्थ होते.