कऱ्हाडजवळची 56 मिनिटे

पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकीचा घाट ओलांडून, आनेवाडी आणि तासवडे या टोलनाक्यांवर जेमतेम वेग कमी करून, आम्ही कऱ्हाडच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात वळलो तेव्हा सकाळचे 9 वाजून 40 मिनिटे झाली होती, आणि पुतण्याच्या विजेवर चालणाऱ्या गाडीत 18 टक्के वीज शिल्लक होती. निघताना ती 70 टक्के होती. सुमारे 160 किलोमीटरच्या वाटेत 45 युनिटांच्या बॅटरीतले साडेतेवीस युनिट खर्ची पडले, म्हणजे हिशेब अपेक्षेप्रमाणे जुळला. 80 टक्क्यांपर्यंत भरायला आता 28 युनिट हवे होते. घरच्या 3.3 किलोवॉटच्या जोडणीवर एवढ्याला साडेआठ तास लागतात. येथल्या यंत्राच्या पाटीवर 60 किलोवॉट असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. विजेच्या गाड्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा या किलोवॉटच्या आकड्याभोवतीच फिरत राहते. चालकाचा वेळ प्रत्यक्षात कोठे जातो, याची खातरजमा एकदा घड्याळ लावून करावी, असे पुष्कळ दिवस मनात होते, म्हणून मी वही उघडून यंत्रासमोरच्या बाकावर बसलो.

पहिली 11 मिनिटे वीज भरण्यात गेलीच नाहीत. यंत्र ज्या कंपनीचे, तिचे ॲप पुतण्याच्या फोनमध्ये नव्हते. ते उतरवून घेणे, नाव-नंबर देणे, कंपनीने ठरविलेली किमान रक्कम खात्यात आगाऊ जमा करणे, मग यंत्रावरचा क्यूआर कोड फोनला दाखविणे, हे सारे सोपस्कार पत्र्याच्या छपराखाली, येत-जात राहणाऱ्या नेटवर्कच्या भरवशावर पार पाडावे लागले. अर्ध्या तासापूर्वी याच गाडीने तासवड्याला काचेवरच्या फास्टॅगने क्षणार्धात टोल भरला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यांवर सुट्या पैशांसाठी होणारा खोळंबा बव्हंशी मिटला; मग पथकर देऊ शकणारी गाडी विजेचे पैसे का देऊ शकू नये? तशी सोय तंत्रज्ञांनी योजलेली आहे. 2014 च्या आंतरराष्ट्रीय मानकात गाडीने केबलमधूनच आपली ओळख पटवावी आणि पैसे परस्पर वळते व्हावेत, अशी तजवीज आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र ती अजून क्वचितच आढळते.

पैसे जमा झाले, केबलच्या टोकाची गन मी गाडीत खुपसली, पण वीज येईना. पडद्यावर दोनदा तांबडी ओळ उमटली. तेव्हा केंद्रावरचा विशीतला मुलगा हात पुसत आला आणि मला म्हणाला, "काका, नुसती खुपसून चालत नाही. केबलचं वजन गनला खाली ओढतंय. तळवा खालनं लावा, जरा उचलून धरा, कुलूप पडूस्तवर सोडू नका." मी तळवा लावला. मनगटाएवढी जाड भासणारी ती काळी केबल खरोखरच जड होती. गनच्या तोंडाशी वरच्या बाजूस सात बारीक छिद्रांचा वर्तुळाकार पुंजका आणि त्याखाली दोन मोठी छिद्रे असतात. मोठ्या दोहोंतून बॅटरीची वीज वाहते, तर गाडी आणि यंत्र यांच्यातल्या संभाषणाची कामगिरी वरच्यांकडे असते. गन तिरकी बसली की संभाषणाची बारीक टोके नीट टेकत नाहीत, आणि संभाषणावाचून वीज सोडण्याची यंत्राला मुभा नसते.

पुढले अर्धे मिनिट मी कान देऊन ऐकले. गन लागताच एका तारेवरचा 12 व्होल्टचा इशारा 9 वर उतरतो आणि कोणी तरी जोडले गेल्याचे यंत्राला कळते. मग दोघांची बोलणी सुरू होतात. बॅटरीचा दाब किती, जास्तीत जास्त प्रवाह किती सोसेल, हे गाडी सांगते. केबलचे इन्सुलेशन शाबूत असल्याची परीक्षा यंत्र करते. आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवून आणते. आणि हे सर्व यथास्थित झाल्यावरच गाडीच्या पोटात 'खट्' असा भरीव आवाज होऊन बॅटरीचा मार्ग खुला होतो. त्यापाठोपाठ यंत्राचे पंखे घोंघावू लागले. येथपासून हुकूम गाडीचा चालतो. ती क्षणोक्षणी जेवढा प्रवाह मागते तेवढाच यंत्राने द्यायचा असतो.

गाडी 55 मागत असताना पडद्यावर आकडा मात्र 30 किलोवॉटचा आला. कारण शेजारीच होते. त्या यंत्राला दोन गन, आणि दुसरीवर एक पांढरी गाडी लागलेली. तिची बॅटरी 91 टक्के भरली होती, ती जेमतेम 14 किलोवॉट ओढत होती, आणि तिचा मालक आत कुटुंबासह जेवत होता. यंत्राच्या पोटात 30 किलोवॉटचे दोन ठोकळे असतात. दुसरी गन व्यापली गेली की एकेका गनला एकेक ठोकळा मिळतो, आणि एकीला न लागणारी वीज दुसरीकडे वळत नाही. 16 किलोवॉट अशा रीतीने निष्कारण अडून राहिले. लहान लहान ठोकळे घेऊन ते गरजेप्रमाणे या गनकडून त्या गनकडे फिरविणारी यंत्रेही आता निघाली आहेत. माझ्या मते, पाटीवरचा आकडा वाढविण्यापेक्षा ही फिरती वाटणी सर्वत्र आणण्यात चालकाचे अधिक हित आहे.

त्या गृहस्थांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण 80 टक्क्यांनंतर भरणे मंद का होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. वाचनालयातली रिकामी कपाटे लावायची असली की पुस्तके भराभर आत सरकतात. कपाटे भरत आली की प्रत्येक पुस्तकासाठी फट शोधावी लागते, आणि तरीही घाई केली तर पुस्तके जमिनीवर साचू लागतात. ग्रॅफाइटमध्ये जागा न मिळालेले लिथियम तसेच धातुरूपाने पृष्ठभागावर साचते, आणि ते बॅटरीला कायमचे अपायकारक असते. म्हणून गाडी स्वतःच मागणी कमी करीत जाते. शेवटच्या 20 टक्क्यांसाठी महामार्गावर थांबणे हा स्वतःच्या आणि मागच्याच्या वेळेचा अपव्यय आहे.

20 मिनिटांत आम्ही 40 टक्क्यांवर आलो, आणि ती पांढरी गाडी निघून गेली. तरी आमचा आकडा 30 वरच. "बंद करून परत लावा, मग पूर्ण लोड येतोय," मुलगा म्हणाला. त्यात आणखी 3 मिनिटे गेली. त्यानंतर मात्र आकडा 55 वर चढला, 70 टक्क्यांच्या पुढे हळूहळू उतरला, आणि उरलेले 18 युनिट 22 मिनिटांत भरले. एकूण 56 मिनिटे झाली. प्रथमपासून हाच वेग मिळता तर सगळे काम सुमारे 34 मिनिटांत उरकले असते. बाकीची 22 मिनिटे बॅटरीने घेतलेली नव्हती.

याहून मोठ्या वेगाचा मार्ग मोकळा आहेच. बॅटरीचा दाब 400 व्होल्टांवरून 800 वर नेला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा पुरतो आणि केबलमधली उष्णता चौथाईवर येते; अशा गाड्या 350 किलोवॉटच्या यंत्रावर 18 मिनिटांत 10 टक्क्यांवरून 80 वर जातात, असे त्यांचे कारखानदार सांगतात. पण तेवढ्या शक्तीचे यंत्र म्हणजे स्वतंत्र डीपी, वीजभाराची दरखास्त आणि तिची मंजुरी. चार्जिंग केंद्राला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने 2018 मध्येच स्पष्ट केले, आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला केंद्र असावे असे महाराष्ट्राचे 2025 चे धोरणही म्हणते. केंद्रांची संख्या त्यामुळे वाढेल. त्या प्रत्येक ठिकाणी केबलला वरून आधार देणारा हात असावा, ॲपवाचून यूपीआयने पैसे घेण्याची सोय असावी, आणि गन कशी उचलून धरायची हे दाखविणारा त्या मुलासारखा कोणी असावा, एवढी मागणी केंद्र उभारणाऱ्यांकडे चालकांनी आग्रहाने केली पाहिजे.

आणि चालकांना माझी विनंती एवढीच आहे, की 80 टक्के होताच गन काढून खुंटीला अडकवावी, गाडी बाजूला घ्यावी, आणि मग निवांत जेवायला बसावे.