हवाली करण्यापूर्वी

परदेशात दडून बसलेल्या आरोपीला भारताच्या स्वाधीन करण्याचा प्रश्न तेथील न्यायालयात रेंगाळला, की आपल्याकडे एक त्रागा हटकून ऐकू येतो : आमचा गुन्हेगार आमच्या हवाली करावयास तुमच्या न्यायाधीशाची परवानगी कशाला? या त्राग्यामागील तळमळ खरी आहे. मुंबईने १९९३ आणि २००८ साली जे भोगले, ते कोणी विसरावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परवानगी कशाला, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

इंग्रजी अमलात बऱ्हाणपूर-खंडव्याचा मुलूख इंग्रजांचा, तर लगतचा बराचसा निमाड होळकरांचा. पाठलाग झाला की हद्द ओलांडून निसटावयाचे, हा तंट्या भिल्लाचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. १८८९ साली तो होळकरांच्या हद्दीत दगलबाजीने पकडला गेला, इंग्रजांच्या हाती पडला आणि ४ डिसेंबरला जबलपूर येथे फाशी गेला. भिल्ल ज्याला ‘मामा’ म्हणत, त्याचा खटला कसा चालेल हे मांडलिक संस्थानाने सार्वभौम सत्तेला विचारावयाचे तरी कोणत्या तोंडाने?

सावरकरांच्या बाबतीत प्रश्न विचारला गेला, पण वेळ टळून गेल्यावर. मार्च १९१० मध्ये लंडनला त्यांना अटक झाली आणि १८८१ च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली त्यांना मुंबईस धाडण्याचा हुकूम सुटला. ८ जुलै रोजी मार्सेय बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पाय लागला खरा, पण फ्रेंच शिपायानेच त्यांना धरून इंग्रजांच्या स्वाधीन केले. फ्रान्सने हरकत घेतली आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. या कारवाईत अनियमितता झाली, परंतु कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही, असा निवाडा लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला.

तोवर मुंबईत सारे आटोपले होते. १९०८ च्या कायद्याने नेमलेल्या विशेष न्यायासनापुढे ज्यूरी नव्हती आणि त्यावर अपीलही नव्हते. २३ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ अशा दोन जन्मठेपा सुनावून ते मोकळे झाले होते. त्या तीन न्यायाधीशांत सर नारायण चंदावरकर होते, काँग्रेसचे माजी अध्यक्ष! न्यायमूर्ती कितीही नामांकित असोत, अपिलाचे दार आधीच लावून घेतलेल्या न्यायासनावर ते करणार काय?

आता पोर्तुगालचे पाहा. याच देशाच्या सालाझारशाहीने १९४६ साली टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयाकरवी शिक्षा देऊन पेनिशच्या किल्ल्यात डांबले, हे गोमंतक विसरलेला नाही. त्याच पोर्तुगालने २००५ साली अबू सालेमला आपल्या स्वाधीन केले, ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कैद नाही, असे वचन भारत सरकारकडून घेऊन. पुढे आपण काही जादा आरोप लावले, तेव्हा लिस्बनच्या न्यायालयाने वचनभंगाचा ठपका ठेवला आणि ते आरोप आपल्याला मागे घ्यावे लागले. जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते वचन केंद्र सरकारवर बंधनकारक मानले. बाँबस्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्यांना हा निर्णय कडू लागला असेल. आमच्या मते तो योग्यच होता. उद्या आणखी कोणाला मागावयाचे, तर आपल्या शब्दाला काही किंमत नको काय?

मल्ल्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले, तेव्हा अनेकांना तो राष्ट्राचा अपमान वाटला. त्या आक्षेपातून आपण सुटलो. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्याच उच्च न्यायालयाने एका आरोपीला भारताकडे पाठविण्यास नकार दिला, कारण तिहारमध्ये त्याला मारहाण आणि खंडणीखोरी सोसावी लागेल, अशी भीती त्या न्यायालयाला वाटली. हे ऐकून संतापणे सोपे आहे. मात्र कच्च्या कैद्यांनी खच्चून भरलेल्या आपल्या तुरुंगांबद्दल आपलीच न्यायालये वेळोवेळी काय बोलली आहेत, तेही संतापणाऱ्यांनी वाचावे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्या सहीला अनुसरून करावयाचा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.