कस्टमर केअरवाला लांबून आपल्या राउटरमध्ये शिरतो कसा? आणि त्याच दारातून आणखी कोण येऊ शकतं?

पावसाळ्यात गगनबावड्यात नेट गेलं की पहिला फोन जातो कस्टमर केअरला. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर लांब, बाहेर धो धो पाऊस. टेक्निशियन आज येईल याची गॅरंटी नाही. तेवढ्यात पलीकडून आवाज येतो, "सर, इथूनच सेटिंग केलंय, राउटर बंद करून चालू करा." आणि नेट चालू!

आता बघा, तो घरी आला नाही, आपण पासवर्डही दिला नाही. मग तो आत शिरला कुठून?

या सोयीला म्हणतात रिमोट मॅनेजमेंट. त्यासाठी बऱ्याच कंपन्या टीआर-०६९ नावाची पद्धत वापरतात. राउटर अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, नवीन सेटिंग घेतो. कंपनीला त्याला मध्येच हाक मारायची असेल तर त्यासाठी एक पोर्ट, म्हणजे दार, उघडं ठेवलेलं असतं. बहुतेकदा नंबर ७५४७. हे दार फक्त कंपनीला दिसायला हवं. पण ते अख्ख्या जगाला दिसत असेल तर?

नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत हेच झालं. याच पोर्टवरून हल्ला झाला आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर गडबडले.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, नंबर आपला लागला. बीएसएनएल आणि एमटीएनएलचे मोडेम बंद पडायला लागले. तेव्हाच्या बातम्यांमध्ये आकडा होता ६०,००० हून जास्त. ब्रिकरबॉट नावाच्या मालवेअरच्या निर्मात्याने हे आपलंच काम असल्याचा दावा केला. ब्रिक म्हणजे वीट. नाव अगदी चपखल, कारण याचं कामच मोडेमची वीट करून टाकणं! हल्ला सोपा का गेला? ७५४७ चं दार बाहेरून उघडं होतं आणि अनेक मोडेमवर युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. शेवटी बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं.

खरं तर मोडेम बंद पडला तर निदान कळतं तरी. चोर शांतपणे आत शिरला आणि त्याने डीएनएस सेटिंग बदललं, तर तुम्ही बँकेचा बरोबर पत्ता टाकूनही खोट्या साइटवर पोहोचू शकता. नेट मात्र मस्त चालू असतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वायफायला पासवर्ड आहे की! तो वेगळा. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा, आणि घोळ इथेच होतो. राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा, आधी तो पासवर्ड बदला. 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'रिमोट ॲक्सेस' चालू दिसलं तर बंद करा. अपडेट आलं असेल तर घ्या.

टीआर-०६९ मात्र बऱ्याच राउटरवर ग्राहकाला बंद करता येत नाही. ते दार बाहेरच्यांसाठी बंद ठेवणं कंपनीचं काम. पुढच्या वेळी नेट गेलं आणि फोन लावलाच, तर एवढं विचारून घ्या, "माझ्या राउटरचा ७५४७ पोर्ट बाहेरून उघडा आहे का?"