हम्मुराबी राजाचा दगड

आजच्या इराक देशात युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन मोठ्या नद्या आहेत. त्यांच्या काठी फार पूर्वी बाबिलोन नावाचे राज्य होते. तिकडे पाऊस थोडा. नदीचे पाणी पाटाने आणायचे आणि जव पिकवायचा, अशी तिथली शेती.

या राज्यात हम्मुराबी नावाचा राजा होऊन गेला. त्याला आता पावणेचार हजार वर्षे झाली. त्याने एका काळ्या दगडावर कायदे कोरून घेतले. दगड सव्वादोन मीटर उंच, म्हणजे उभ्या माणसाहून उंच. त्यावर सुमारे २८० कलमे आहेत.

त्यांतली कर्जाची कलमे आपण पाहू. कर्ज तेव्हाही होतेच! धान्य कर्जाऊ घेतले तर तिसरा हिस्सा व्याज, चांदी घेतली तर पाचवा हिस्सा. त्या काळी कागद नव्हता. कर्जाचे खत ओल्या मातीच्या लहान विटेवर लिहीत. आता कलम काय म्हणते ते ऐका. वादळाने पीक गेले, पुराने वाहून नेले, किंवा पाण्यावाचून दाणाच धरला नाही, तर त्या वर्षी कुळाने सावकाराला काही देऊ नये. खताची वीट पाण्याने भिजवावी. त्या वर्षाचे व्याजही माफ.

सावकार देताना लहान मापाने देतो आणि घेताना मोठ्या मापाने घेतो, असे उघडकीस आले तर? त्याने दिलेले सगळे बुडाले. कर्जापायी कुणी बायको-मुलांना दुसऱ्याच्या घरी राबायला ठेवले, तर तीन वर्षे काम. चौथ्या वर्षी त्यांना सोडलेच पाहिजे.

शेतकऱ्यालाही सूट नव्हती. आळसाने बांध दुरुस्त केला नाही, बांध फुटला आणि शेजाऱ्यांची पिके बुडाली, तर धान्य भरून द्यायचे. ते जमले नाही तर त्याला विकून पैसे शेजाऱ्यांत वाटायचे.

सगळी माणसे मात्र सारखी नव्हती. बड्या माणसाने दुसऱ्या बड्या माणसाचा डोळा फोडला, तर त्याचाही डोळा फोडायचा. साध्या माणसाचा फोडला तर नुसती चांदी द्यायची. गुलामाचा फोडला तर त्याची निम्मी किंमत मालकाला द्यायची. हा न्याय आम्हाला पटत नाही. शिवाय दगडावर लिहिले तसेच गावोगाव घडले, असेही आम्ही म्हणत नाही.

दगडाच्या शेवटी राजा म्हणतो, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने इथे यावे आणि हा लेख वाचवून घ्यावा. स्वतः वाचावा असे नाही, वाचवून घ्यावा! कारण ती लिपी शेकडो खुणांची. ती शिकलेल्या लेखनिकांनाच येई. समोरचा खरे वाचतो की खोटे, हे गरिबाने कसे ओळखावे?

पुढे लढाईत शेजारच्या राजाने तो दगड लुटून इराणात सूसा शहरी नेला. १९०१-०२ साली तिथे खोदकाम करताना तो फ्रेंच लोकांना सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे.