ग्रँटचं प्रपोजल: आधी अडचण, मग ॲप

प्रोजेक्टसाठी निधी हवाय? मग ‘आमचं एआय ॲप शेतीत क्रांती घडवेल’ हे वाक्य आधी डिलीट करा. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो: टेक्नॉलॉजी भारी आहे म्हणून कुणी पैसे देत नाही. अडचण सुटेल असं पटलं, तरच देतात.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. तिथे पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, प्यायचं पाणी राखून मगच पिकं ठरवतात. समजा, तुम्ही विहिरीची पातळी मोजणारा सेन्सर बनवताय. प्रपोजलमध्ये हे चार मुद्दे हवेतच:

१. अडचण कोणाची? गाव कोणतं, विहिरी किती, आज पातळी कशी मोजतात?
२. सेन्सरमुळे कोणता निर्णय बदलेल? उदा. कांदा लावायचा की हरभरा?
३. खर्च: प्रत्येक रकमेसमोर काम आणि महिना.
४. यश कसं मोजणार? सेन्सरचा आकडा दोरीने मोजलेल्या पातळीशी जुळतो का?

अशा हार्डवेअर प्रोटोटाइपला केंद्राच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज प्रयास केंद्रांमार्फत होतो.

पाठवण्याआधी प्रपोजल एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. “यानं माझं काय होणार?” असं त्यानं विचारलं, तर दुसरा मुद्दा परत लिहा.