घरातली घटपर्णी (भाग ६) : घट सुकले तरी

घटपर्णीचा घट हे फूल नव्हे आणि फळही नव्हे. ते पानाचे टोक आहे. पानाची मधली शीर पात्याच्या पुढे ताण्यासारखी वाढत जाते, ताण्याच्या टोकाला कळी धरते आणि ती फुगून घट होतो. एका पानाला एकच घट. तो सुकला की त्या पानाला दुसरा येत नाही. नवा घट हवा तर नवे पान यावे लागते. एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी रोपे वाचतील. रोपवाटिकेतून आणलेल्या टोपलीतले दहा-बारा घट महिनाभरात तपकिरी पडले की घरातली माणसे घाबरतात. मग सकाळ-संध्याकाळ पाणी, शेणखताची मूठ, मोठी कुंडी, गच्चीवरचे ऊन असे सगळे उपाय एकाच आठवड्यात होतात. रोप मरते ते या उपायांनी.

छाटांपासून नवी रोपे करण्याचा विषय या भागात यायचा होता. परंतु वाचकांच्या पत्रांत तक्रार एकच आहे: रोप हिरवे आहे, पण घट धरत नाही. खंगलेल्या रोपाच्या छाटाही खंगलेल्याच असतात, म्हणून आधी हा विषय.

सुकणारा घट वरून खाली सुकत येतो. आधी झाकण करपते, मग काठ, मग पोट. खालचा भाग हिरवा आहे तोवर पचनाचे काम चालू असते, त्यामुळे तपकिरी झालेला भाग तेवढा कात्रीने कापावा, उरलेला राहू द्यावा. रोपाची प्रकृती घटांवरून नव्हे, शेंड्यावरून ओळखायची. सर्वांत नवे पान आधीच्या पानाएवढे किंवा मोठे असेल तर रोप सुधारते आहे, मग अंगावर एकही घट नसला तरी चालेल. प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान येत असेल तर मुळांत किंवा उजेडात खोट आहे. पाने लांब, गडद हिरवी, लोंबती आणि दोन पानांमधली पेरे लांबलेली असतील तर उजेड कमी पडतो. पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या असतील तर क्षार साचले आहेत. खोड बुंध्याशी काळे आणि दाबल्यावर मऊ लागत असेल तर कूज वर चढते आहे. तेवढ्या एकाच बाबतीत घाई करायची असते.

ताण्याच्या टोकावरची कळी भिंगाखाली पाहण्यासारखी असते. सुरुवातीला ती ज्वारीच्या दाण्याहून लहान असते, अंगावर तांबूस लव, टोक वर वळलेले. निरोगी कळी आठवड्या-आठवड्याला वाढते, चपटी होते, मग फुगते, आणि झाकण उघडण्याआधीच आत थोडा रस जमलेला असतो. बिघडलेली कळी जागच्या जागी थांबते. लव झडते, रंग काळा पडतो आणि बोटाने चाचपली तर मोहरीसारखी टणक लागते. अशी काळी कळी पुन्हा जागी होत नाही. तिची वाट पाहू नये, पान मात्र तोडू नये. ते पान रोपाचे अन्न तयार करीत असते.

कळी का करपते, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हवेत दमटपणा नाही’ असे दिले जाते. ते अर्धे खरे आहे. रोप दमट हरितगृहातून एकदम कोरड्या खोलीत आले की जुने घट सुकतात, कळ्या थांबतात. पण तीच घटपर्णी त्या खोलीत दोन-तीन नवी पाने काढते आणि त्या पानांना सवय झालेली असते. सहा महिन्यांनीही घट नाहीत, तर दोष सहसा उजेडाचा. माणसाचा डोळा याबाबतीत फसवा साक्षीदार आहे. भर दुपारी उघड्यावर उजेड सुमारे १,००,००० लक्स असतो; खिडकीपासून दोन मीटर आत, जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येते, तिथे तो अनेकदा १,००० लक्ससुद्धा भरत नाही. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात टांगलेली घटपर्णी म्हणजे उपाशी ठेवलेले रोप. पूर्वेची खिडकी, सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर लखलखीत उजेड ही तिची गरज. अशी खिडकी नसेल तर २० वॅटची पांढऱ्या उजेडाची साधी एलईडी ट्यूब पानांपासून वीतभर अंतरावर रोज १२ ते १४ तास लावावी. महागडे जांभळे दिवे लागत नाहीत. अंधारात राहिलेले रोप एकदम उन्हात नेले तर पाने भाजतात. दर चार दिवसांनी फूटभर असे खिडकीकडे सरकवावे. उजेड पुरेसा झाला की नव्या पानांवर तांबूस झाक येते.

फवाऱ्याने पाने भिजवणे हा घरोघरचा नेम आहे. त्याने हवेतला दमटपणा काही मिनिटांपुरताच वाढतो. रोपाला त्याचा तोटा नाही, पण उपयोगही जवळजवळ नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर रोप ठेवले तर हवा दमट मिळते हे खरे. मात्र कूलरच्या टाकीतले पाणी चुकूनही घालू नये. पाणी उडून जाते आणि क्षार टाकीत राहतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस ते मूळ पाण्याहून कितीतरी जड झालेले असते.

जड पाणी हा या भागाचा खरा विषय म्हणायला हरकत नाही, कारण घरातल्या घटपर्णींपैकी फार मोठा वाटा पाण्यानेच जातो. ही वनस्पती निकृष्ट, आम्ल, क्षार धुऊन गेलेल्या जमिनीवर वाढते. मुळांना खनिजे मिळत नाहीत म्हणूनच तर पानांनी कीटक पकडण्याचा उद्योग सुरू केला. त्या मुळांना बोअरवेलचे पाणी दिले की क्षार कुंडीत साचत जातात. काठावर आणि कुंडीत भरलेल्या मॉसवर पांढरा पापुद्रा दिसू लागतो, तोवर बारीक मुळे मेलेली असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. ५० पीपीएमच्या आत पाणी उत्तम, १०० पर्यंत चालते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवेलचे पाणी सहसा याच्या कैक पट भरते.

पाण्याबद्दलचे घरगुती समजही घातक आहेत. पाणी उकळले की क्षार जातात, हा एक. थोडा चुना भांड्याच्या बुडाशी बसतो. बाकीचे क्षार तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे अधिकच दाट होतात. तुरटी फिरवण्याने गाळ बसतो, क्षार नव्हे. सोसायटीत पाणी ‘सॉफ्ट’ करणारे यंत्र असेल तर ते पाणी साबणाला चांगले, घटपर्णीला वाईट. ते यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते. आरओचे पाणी योग्य. पण घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळण्याची सोय असते, म्हणून नळाखाली मीटर धरून आकडा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आणि आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची चांगली सवय घटपर्णीपुरती मोडावी. सगळे वगळलेले क्षार त्याच पाण्यात असतात.

पावसाचे पाणी सर्वांत चांगले आणि फुकट. छपरावरची धूळ धुऊन गेल्यानंतरचे पाणी २० लिटरच्या दोन कॅनमध्ये भरून अंधारात ठेवले, तर एका रोपाला दिवाळीपासून पुढच्या जूनपर्यंत पुरते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही क्षारहीन असते. नळी स्वच्छ असली म्हणजे झाले. क्षार साचलेल्या कुंडीत तिच्या आकारमानाच्या चौपट असे पाणी हळूहळू ओतून सगळे खालून वाहू द्यावे. आठवड्याने पुन्हा एकदा. पुष्कळ रोपांना यापलीकडे उपचार लागत नाही.

दुसरा घोटाळा थाळीचा. कीटकभक्षक वनस्पती पाण्यात उभी ठेवावी, असे कुठेतरी वाचलेले असते. दवबिंदूसारख्या दलदलीतल्या वनस्पतींना ते लागू आहे. कासच्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवे अक्षरशः पाण्यात उगवतात. घटपर्णी मात्र उतारावरची आणि झाडांवर चढणारी वेल आहे. तिच्या मुळांना ओल हवी आणि हवाही हवी. थाळीत साचलेल्या पाण्याने मुळे गुदमरतात. मॉस वरून हाताला ओला लागतो तोवर थांबावे, नुसता दमट लागला की पाणी घालावे.

मुळे तपासायची वेळ आली तर आणखी एक चकवा असतो. घटपर्णीची निरोगी मुळे काळी असतात. केसांसारखी बारीक, काळी, ठिसूळ. इतर झाडांची पांढरी मुळे पाहिलेला माणूस ती कुजली असे समजून कात्री चालवतो आणि धडधाकट रोपाला अपंग करतो. खरी परीक्षा बोटांची आहे: मूळ चिमटीत धरून हलकेच ओढावे. जिवंत मूळ तारेसारखे घट्ट लागते आणि त्याचे टोक फिकट असते. मेलेल्या मुळाची साल ओल्या सुतासारखी सरकून हातात येते आणि कुबट वास येतो. मेलेली तेवढी काढावीत.

कुंडी बदलणे हा उपचार शेवटचा. लाल माती, गांडूळखत किंवा काळी माती घालून रोप ‘सुधारलेले’ असेल, तेव्हा मात्र तो टळत नाही. निम्मे स्फॅग्नम मॉस आणि निम्मे पर्लाइट हे साधे मिश्रण पुरते; पर्लाइटच्या जागी धुतलेले लाकडी कोळशाचे तुकडे चालतात. कोकोपीट वापरायचे तर ते तीन-चार वेळा भिजवून पिळावे आणि निथळलेल्या पाण्यात मीटर बुडवून पाहावा, कारण नारळाच्या सोडणातच क्षार असतात. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून दोन बोटे मोठी, त्याहून नको. खोड कुजले असेल तर आतून हिरवे-पांढरे दिसेपर्यंत धारदार, पुसलेल्या पात्याने कापावे. नंतर रोपावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून ते उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनी पिशवीला बोटभर भोक, पुढे दर आठवड्याला आणखी एक, असे करत महिना-दीड महिन्यात ती काढून घ्यावी. या काळात खत नाही. पहिले नवे पान महिन्याने येईल किंवा तीन महिन्यांनी. त्याला बहुधा घट येणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला येईल. बुंध्याशी एखादा डोळा फुटून नवा फुटवा निघाला तर रोप वाचले असे धरून चालावे.

एका वाचकाने विचारले आहे की रिकाम्या घटात पाणी ओतावे का, आणि उपाशी रोपाला मटणाचा खिमा चालेल का. नव्या घटातला रस रोप स्वतः स्रवते आणि त्यात प्रथिने पचवणारी विकरे असतात. प्रवासात तो सांडला असेल तर तळाला चौथाईभर शुद्ध पाणी घालावे, गळ्यापर्यंत भरू नये. काठाशी सुकलेल्या घटात पाणी ओतून तो परत हिरवा होत नाही. खिम्याचा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर याने १८७४ साली ब्रिटिश असोसिएशनच्या बेलफास्टच्या सभेत या वनस्पतींवर जे भाषण केले, त्यात घटांमध्ये अंड्याचा पांढरा बलक, कच्चे मांस आणि कूर्चेचे तुकडे टाकून पाहिल्याचे प्रयोग होते. तुकडे खरेच विरघळले, आणि घट प्राण्यांच्या जठरासारखे काम करतो हे त्यातून पुढे आले. पण हूकरच्या हाताशी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातली धष्टपुष्ट रोपे होती. खंगलेल्या रोपाच्या घटात मांस पचण्याआधी कुजते आणि घटही कुजतो. एक-दोन मेलेल्या मुंग्या किंवा माशांच्या खाद्याचे दोन दाणे, तेही महिन्यातून एकदा आणि उघडलेल्या निरोगी घटातच.

याच हूकरने १८७३ साली मेघालयातल्या घटपर्णीला ‘नेपेंथिस खासियाना’ हे नाव दिले. भारतातली ही एकमेव जात. गारो लोक तिला मेमांग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. ती संकटग्रस्त आहे आणि जंगलातून उपटलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. रोपवाटिकेत बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेलेच रोप घ्यावे. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत नुसते ‘पिचर प्लांट’ म्हणून जे विकतात ते बहुधा व्हेंट्राटा असते, म्हणजे फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर. वर सांगितलेले उपचार या दोन्हींना मानवतात.

उंच डोंगरावरच्या जातींचे तसे नाही. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची ‘राजा’ ही जात १,५०० मीटरच्या वर वाढते आणि तिला रोजची थंड रात्र लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या हौशी बागाइतदारांनी अशा जाती उष्णकटिबंधातल्या म्हणून भट्टीसारख्या तापवलेल्या काचघरांत ठेवल्या आणि त्या उबेने मारल्या. मुंबईच्या सदनिकेत मे महिन्यात तीच भट्टी आपोआप तयार असते. एसीची रात्रभर सोय नसेल तर अशी रोपे विकत घेऊ नयेत. त्यांना वाचवण्याचा उपाय या लेखमालेत येणार नाही.

छाटांचा विषय पुढील आठवड्यात. तोवर कुजलेले खोड कापताना वरचा हिरवा शेंडा निघाला तर तो फेकू नये. दोन पाने ठेवून बाकीची अर्धी कापावीत आणि शेंडा ओल्या मॉसमध्ये, पिशवीखाली उभा करून ठेवावा.