विश्लेषण : ऑटिझम आणि ‘सल्फर’ची पावडर, रक्तातला आकडा सुधारला, मुलाचे काय?

भद्रावती तालुक्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव. मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, हे दाखवायला पालकांना चंद्रपूर-नागपूरची वाट धरावी लागते. ‘ऑटिझमवर गुणकारी’ मिनरल पावडरचा डबा मात्र मोबाइलवरून मागवला की घरी येतो. त्यावर ‘सल्फर मेटाबॉलिझम’ असे शब्द असतात. ते खोटे नाहीत, अर्धवट आहेत.

सल्फरचा संबंध काय?

अंडी, दूध, डाळींतील मेथिओनिनमध्ये सल्फर म्हणजे गंधक असते. शरीर त्यापासून सिस्टीन आणि पुढे ग्लुटाथिओन व सल्फेट बनवते. ग्लुटाथिओन पेशींचे रक्षण करते. सल्फाइटचे सल्फेट करणाऱ्या एन्झाइमला मॉलिब्डेनम लागते, म्हणून तेही डब्यात येते. २००४ मध्ये अमेरिकेतील जिल जेम्स यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या २० मुलांचे रक्त तपासले. मेथिओनिन, सिस्टीन, ग्लुटाथिओन इतर मुलांपेक्षा कमी निघाले. पण ही कमतरता कारण की परिणाम, हे अशा तपासणीतून कळत नाही. मूल दोन-तीनच पदार्थ खात असेल तर तेही रक्तात उमटू शकते.

पूरके दिल्यावर काय झाले?

२०११ मध्ये अ‍ॅरिझोनातील जेम्स अ‍ॅडम्स यांनी १४१ जणांवर तीन महिने चाचणी घेतली. काहींना जीवनसत्त्वे-खनिजे, काहींना औषध नसलेले मिश्रण. सल्फेट, ग्लुटाथिओन सुधारले. वर्तनाच्या चार मोजपट्ट्यांपैकी फक्त एकीवर, पालकांच्या मतावर आधारलेल्या पट्टीवर, ठळक फरक दिसला. जाहिरातीत पहिले वाक्य येते, दुसरे गळते.

धोका आहे का?

जस्त जास्त दिवस जास्त गेले तर शरीरातले तांबे घटते. एप्सम सॉल्ट पोटात गेले तर जुलाब होतात. ‘मिरॅकल मिनरल’ नावाचे द्रावण तर आम्ल मिसळताच ब्लीच बनते. ते पिऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये दिला होता. लोह किंवा ‘ड’ जीवनसत्त्व खरेच कमी असेल तर ते द्यायलाच हवे. पण ती त्या कमतरतेवरची गोळी, ऑटिझमवरची नव्हे.

जायचे कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. शंका तिथे सांगावी. पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवले जाते आणि ही सेवा मोफत आहे. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. ‘निरामय’ आरोग्य विम्यात ऑटिझमसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. डबा आधीच घेतला असेल तर डॉक्टरकडे जाताना तोही न्यावा. मात्रा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.